फटफटीचा पुढचा ब्रेक

कुठल्याही खुर्चीवर बसायच्या आधी नाना तिच्या हातावर जोर देऊन एकदा दाबत, मग हात उचलून क्षणभर बघत, आणि मगच बसत. लग्नाच्या पंगतीत पाट पुढे आला तरी तेच. विहिरीवरचा दोर, छत्रीची कळ, कपाटाची कडी, काहीही हातात आलं की आधी एकदा ओढून आणि एकदा सोडून पाहायचं. नवीन माणूस बिचारा भांबावून जाई. मग ते समजावल्यासारखं सांगत, "काही नाही हो. धरतंय का ते बघावं, आणि सुटतंय का तेही बघावं. नुसतं धरून काय उपयोग?"

तुम्ही म्हणाल, हा काय चाळा! पण त्यांची नोकरीच तशी होती. लोणावळ्याहून मुंबईकडे निघालेली प्रत्येक गाडी घाट उतरण्याआधी थांबते आणि तिचे ब्रेक तपासले जातात, हे तुम्ही खिडकीतून पाहिलं असेल. इंजिनातला ड्रायव्हर ब्रेक लावतो. खाली एक माणूस हातात हातोडी घेऊन गाडीच्या कडेकडेने चालत जातो, आणि प्रत्येक चाकावर ब्रेकचा ठोकळा घट्ट बसला आहे की नाही ते बघतो. शेवटच्या डब्यापाशी पोचला की तो झेंडी दाखवतो. ड्रायव्हर ब्रेक सोडतो. मग तोच माणूस उलटा चालत येतो आणि प्रत्येक ठोकळा चाकापासून मोकळा झाला आहे ना, ते बघतो. एखादा जरी चिकटून राहिला तरी घाटात चाक तापून लाल व्हायचं. त्याने मान डोलावल्याशिवाय गाडी हलत नाही. पहिल्या वर्गात मग कोणी का बसलेलं असेना.

तो हातोडीवाला माणूस म्हणजे हे. गावात त्यांना सगळे 'ब्रेकवाले' म्हणत. मी त्यांना नाना म्हणायचो, कारण रेल्वेच्या चाळीत आमच्या खोल्यांना मध्ये एकच भिंत होती, आणि त्या काळी शेजाऱ्याला आडनावाने हाक मारायची पद्धत नव्हती. मी तिथे पार्सल ऑफिसात कारकून. करंड्या मोजायच्या, चिठ्ठ्या डकवायच्या आणि उरलेल्या वेळात फलाटावर काय चाललं आहे ते बघायचं. बघण्याचं काम मी फार मन लावून केलं.

अंगाने ते काटकुळे होते. मिशा भरघोस, आणि चालणं असं की रुळांमधल्या स्लीपरवर पाय पडत असावेत, पाऊल मोजून टाकल्यासारखं एकसारखं. कामात त्यांच्याइतका करडा माणूस मी पाहिला नाही. एकदा एका बड्या साहेबाच्या खास डब्याचा ठोकळा सुटेना, तर त्यांनी गाडी थांबवून ठेवली. साहेब खिडकीतून ओरडला. त्यांनी टोपी काढून नमस्कार केला, टोपी घातली, आणि पुन्हा चाकाखाली वाकले. गाडी सुटली ती त्यांच्या मनासारखं झाल्यावरच. पण घरी आले की हाच माणूस कमालीचा भाबडा. मांजरीने दूध प्यायलं तर तिला रागवायच्या आधी पातेलं बघायचे, झाकण नीट बसतं की नाही ते.

एवढ्या काटेकोर माणसाने फटफटी घ्यावी हेच मुळात आश्चर्य होतं. खंडाळ्याच्या एका बंगल्यातला गोरा साहेब कायमचा विलायतेला निघाला, तेव्हा त्याने आपलं सामान पार्सलात टाकलं आणि फटफटी मात्र टाकवेना. ती पार्सल ऑफिसाबाहेर उभी असायची, आणि नाना रोज तिच्यापाशी उभे राहून तिच्याकडे बघत. साहेबाला ते दिसलं असावं. कसं आणि काय ठरलं ते मला ठाऊक नाही, पण एका संध्याकाळी चाळीच्या अंगणात फाटफाट आवाज करत ते आले, आणि सगळ्या खोल्यांची दारं एकदम उघडली. तेव्हाच ती गाडी म्हातारी होती. टाकीचा रंग उडालेला, मागे कॅरिअरवर बांधलेली एक चपटी गादी. पण आवाज भरदार होता. नानांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते मी लग्नात नवरदेवाच्या चेहऱ्यावरसुद्धा क्वचित पाहिलं आहे.

मागचा ब्रेक ठीक होता. दुखणं पुढच्या चाकाचं. त्याला दोन आजार होते, आणि ते आळीपाळीने यायचे. एकतर हाताची दांडी मऊ लागायची. दाबली की लोण्यात बोट जावं तशी थेट मुठीला येऊन टेकायची, आणि चाक आपलं फिरतच. नाहीतर मग उलटं. तार जरा आवळली की ब्रेक चाक धरून बसायचा आणि सोडायचं नावच नाही. गाडी आत कोणीतरी ओढून धरल्यासारखी चालायची, आणि थोड्या वेळाने पुढच्या चाकातून जळका वास.

पहिल्या आजाराने घात केला तो वलवणच्या उतारावर. आषाढ सरता सरता पावसाने जरा उघडीप दिली होती. नानांनी आपल्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, मागे बसवलं आणि धरण दाखवायला नेलं. वहिनी नऊवारीत एका बाजूला पाय सोडून बसलेल्या, हातात खाऊचा डबा. उताराला एक म्हैस रस्त्यात आडवी आली. नानांनी दांडी दाबली. ती मुठीला टेकली. मागचा ब्रेक ओल्या रस्त्यावर घसरला, आणि दोघंजण फटफटीसकट बांधावरून खाली, नुकती लावणी झालेल्या भातखाचरात.

लागलं कोणालाच नाही. चिखल भरपूर होता. खाचराचा मालक बांधावर उभा राहून जरा वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "आवो भाऊ, आमी लावणी क्येली हुती की वो! परत कशापाय करताय?"

वहिनी उठल्या. डबा शोधला. पदर पिळला. आणि वलवणपासून चाळीपर्यंत सगळं अंतर पायी चालत आल्या. मागून नाना फटफटी ढकलत. अंगणात पोचल्यावर वहिनींनी एवढंच सांगितलं, "यापुढे मी ह्या गाडीवर बसणार नाही. हात जोडून सांगते, आग्रह करू नका." आणि खरंच हात जोडले. चिखलाने भरलेले.

वहिनींचा शब्द म्हणजे शब्द. त्या फार बोलायच्या नाहीत, पण जे बोलायच्या ते परत बोलावं लागत नसे.

आता बघा, वहिनींचं माहेर खोपोलीला. घाट उतरला की गाव. रेल्वेने जायचं तर कर्जतला उतरून गाडी बदलायची आणि फलाटावर ताटकळायचं. रस्त्याने उतारूंची सर्व्हिस मोटार होती, ती तासाभरात नेऊन सोडायची. वहिनी माहेरी जाताना त्या मोटारीत बसू लागल्या. तिचा ड्रायव्हर तोंडात पान धरून, एक कोपर खिडकीबाहेर काढून, शिट्ट्या मारत घाट उतरायचा. त्याच्यावर वहिनींचा भरवसा होता. नवऱ्यावर नव्हता. मोटार स्टेशनाच्या फाटकासमोरून निघायची. नाना ड्यूटीवर असले तर हातोडी खाली ठेवून तिच्याकडे बघत उभे राहायचे, आणि वहिनी खिडकीतून हात हलवायच्या.

ह्याचा बोभाटा व्हायला कितीसा वेळ लागणार? रुळांचे खटके ओढणारा स्टेशनातला एक खटकेवाला मळवलीचा होता, जिभेला हाड नसलेला. तो भर फलाटावर म्हणाला, "सायेब, समद्या ममईला तुमी घाट उतरिवता. आन आपली वहिनी सर्व्हिस मोटारीत व्हय?" सगळे हसले. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. नाना पण हसल्यासारखं करून गेले. पण डब्याच्या पुढच्या चाकावर त्यांनी हातोडी अशी हाणली की आतली माणसं खिडकीत आली.

मला तेव्हा कळलं की त्यांना हे किती लागलं आहे. ब्रेक हाच त्या माणसाचा धर्म. ते नुसती मान डोलावतात आणि हजार माणसं निर्धास्त झोपून घाट उतरतात. आणि स्वतःच्या बायकोला मात्र त्यांच्या ब्रेकची खात्री नाही. फटफटी विकून टाका म्हणून मी सुचवलं, तर असे बघायला लागले की जणू मी पोटची पोर विकायला सांगितली. "विकून काय होणार? तिला वाटतं ते तसंच राहणार ना. ब्रेक लागला पाहिजे. आणि तिने बसलं पाहिजे. माझं मी बघतो."

'माझं मी बघतो' हे त्यांचं दुसरं पालुपद. कोणी मदतीला हात पुढे केला की हेच.

तर त्यांनी बघायला सुरुवात केली. सुट्टी मिळाली की अंगणात पोत्यावर बसून पुढचं चाक सोडवायचं. आधी तार आवळली. झालं, दुसरा आजार. मळवलीपर्यंत गेले आणि चाक धरून बसलं ते सुटेना. चाकाच्या ड्रमवर पाणी ओतलं तर चुर्र झालं म्हणे. शेवटी पुढचं चाक फरफटवत गाडी रस्त्याने ओढत आणली. वाटेत भारे घेऊन चाललेली एक म्हातारी थांबली आणि कळवळून म्हणाली, "बैल बसला व्हय रं लेकरा? शेपटी पिरगाळून बग."

मग आला तेलाचा प्रयोग. आपल्याकडे मावळात पाऊस तोंडावर आला की घरोघर तेलाची वाटी फिरते. कड्या, कोयंडे, कुलपं, कोयत्याची मूठ, छत्रीच्या काड्या, जे जे गंजेल त्याला खुरासणीचं तेल. नाहीतर चार महिन्यांत गंज सगळं खाऊन टाकतो. आमच्याकडे दूध घालणारे आबा फटफटीपाशी टेकले, त्यांनी दांडी दोनदा दाबून पाहिली आणि निदान केलं, "गंजलीया तार. त्येल पाजा." नानांना पटलं. तार ज्या वेटोळ्या-वेटोळ्यांच्या नळीतून खाली जाते त्या नळीत त्यांनी वरून वाटीभर तेल सोडलं. तेल हळूहळू उतरत, ठिबकत, सगळंच्या सगळं ब्रेकच्या ड्रममध्ये जाऊन बसलं. जिथे तेलाचा थेंब चालत नाही नेमकं तिथे. आता ब्रेकच्या आतल्या पट्ट्या चाकाला घासण्याऐवजी मालिश करू लागल्या. नाना शेजारच्या पटांगणात एक फेरी मारायला गेले आणि थेट पेरूच्या झाडाला टेकून थांबले.

त्या पट्ट्यांतलं तेल काढायला त्यांनी त्या चुलीच्या गरम राखेत पुरून ठेवल्या. उपाय बरोबर होता, तेल निघालं. पण चूल वहिनींची होती, आणि त्याच राखेवर वांगं भाजायचं होतं. त्या दिवशीचं भरीत आमच्याकडेही वाटी भरून आलं. मी ते खाल्लं, कारण शेजारधर्म असतो. वहिनी नुसत्या म्हणाल्या, "भाऊजी, आज भरताला मोटारीची फोडणी आहे." एवढ्यावरच त्यांनी विषय मिटवला, आणि मला त्या बाईबद्दल फार आदर वाटला.

असा पावसाळा गेला, दिवाळी गेली. फटफटी अंगणात उभी. नानांच्या मिशीला ग्रीसचा वास यायला लागला. आजार मात्र दोन्ही जागच्या जागी.

मग एक दिवस ते डबा घरी विसरले.

वहिनी डबा घेऊन स्टेशनात आल्या. एरवी त्या फलाटावर कधी यायच्या नाहीत. नाना गाडीखाली होते, म्हणून त्या माझ्या ऑफिसच्या दारात थांबल्या. समोर मुंबईकडे निघालेली गाडी उभी. इतकी वर्षं त्या माणसाशी संसार केला, पण नवरा काम काय आणि कसं करतो हे त्यांनी पहिल्यांदाच बघितलं असावं. बराच वेळ टक लावून बघत होत्या. नाना गाडीच्या कडेने वाकून वाकून निघाले होते. पुढे इंजिनातून ड्रायव्हर मान बाहेर काढून वाट बघत होता. नानांनी शेवटच्या डब्याशी झेंडी वर केली. सूं असा आवाज झाला, ब्रेक सुटले, आणि ते परत वाकत वाकत उलटे यायला लागले.

"भाऊजी," वहिनींनी विचारलं, "ब्रेक तो इंजिनवाला लावतो ना?"

"हो."

"आणि बघतात हे?"

"हो. लावणाऱ्याला चाक कुठून दिसणार? आणि चाकापाशी बसणाऱ्याला ब्रेक लावता येत नाही. म्हणून दोघं लागतात."

वहिनींनी पुन्हा एकदा गाडीकडे पाहिलं. डबा माझ्या टेबलावर ठेवला आणि निघून गेल्या.

पुढच्या सुट्टीला सकाळी मी अंगणात दात घासत होतो, म्हणजे मोक्याच्या जागी होतो. नाना पोत्यावर बसलेले. त्यांचं नेहमीचं चाललं होतं. उठायचं, दांडी दाबायची, सोडायची, पळत खाली बसायचं आणि चाकाकडे बघायचं. तोवर चाकाला जे करायचं ते करून झालेलं असे. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"तिथे दोघं लागतात," त्या म्हणाल्या. "इथे तुम्ही एकटेच का करता?"

नानांनी वर पाहिलं. मला वाटलं, आता 'माझं मी बघतो' येणार. ओठ हललेसुद्धा. पण हातातला पाना त्यांनी हळूच पोत्यावर ठेवला.

"गाडीवर बसणार नाही म्हटलं होतं मी," वहिनी खाली उतरत म्हणाल्या. "दांडी धरणार नाही असं नव्हतं म्हटलं. सरका. मी धरते, तुम्ही बघा."

त्यांनी पदर खोचला, बांगड्या मागे सारल्या आणि मुठीवर हात ठेवला. नाना चाकासमोर उकिडवे बसले. आणि तिथून त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो घरचा नव्हता, फलाटावरचा होता.

"धरा!"

वहिनींनी दांडी दाबली.

"सोडा!"

वहिनींनी सोडली.

"हे काय," त्या म्हणाल्या, "मला अहो-जाहो? मी काय ड्रायव्हर झाले?" पण नानांच्या कानावर काही जात नव्हतं. ते चाकाकडे बघतच नव्हते. त्यांची नजर वर होती, दिव्याच्या खालून येणाऱ्या त्या वेटोळ्यांच्या नळीवर.

"धरा... सोडा... परत धरा. हळू. अजून हळू." आणि मग एकदम ओरडले, "अगं, ही बघ! ही बघ कशी फुगते!"

मी तोंडात ब्रश तसाच ठेवून धावलो. खरंच. वहिनी दांडी दाबायच्या तेव्हा ती नळी मधल्या मधे कमानीसारखी फुगायची. दिलेला सगळा जोर ती नळीच वाकून खायची. खाली चाकापाशी जेमतेम चिमूटभर पोचायचा. नळी होती मापापेक्षा लांब. पूर्वी कधीतरी कोणीतरी दुसऱ्याच गाडीची घातली असावी, आणि लांब पडली म्हणून दिव्याखाली मुडपून एका पट्टीने घट्ट आवळून टाकली होती. म्हणून दांडी मऊ. आणि त्याच मुडपलेल्या जागी तार अडकायची, म्हणून एकदा ओढली की परत सुटायची नाही. दोन आजार नव्हतेच. आजार एकच होता, आणि तो चाकात नव्हताच. चाक बिचारं महिनोन्महिने उगाच सोलून निघत होतं.

एकट्या माणसाला तो दिसणं शक्य नव्हतं. दांडी दाबणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दिवा येतो, आणि खाली बसेपर्यंत नळी पूर्ववत होते.

त्याच दिवशी दुपारच्या गाडीने नाना पुण्याला गेले आणि रात्री जाड, ताठ, नेमक्या मापाची नवी नळी आणि तार गळ्यात हारासारखी घालून आले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा दोघं अंगणात. नळी कुठेही मुडपणार नाही अशी ऐसपैस वळवून बसवली. शेवटचं काम राहिलं ते चाकाच्या मधल्या नटाचं. तो आवळताना ब्रेक लावलेला हवा, म्हणजे आतल्या दोन्ही पट्ट्या चाकाच्या बरोबर मधोमध बसतात, एकच एका बाजूला घासत राहत नाही. हे नानांना माहीत होतं, पण दांडी कोण धरणार म्हणून आजवर झालं नव्हतं.

"आता धरा, आणि मी सांगेपर्यंत सोडू नका."

वहिनींनी दोन्ही हातांनी दांडी धरली. नाना पाना लावून नट आवळू लागले. वहिनींची बोटं पांढरी पडली, पण ढिली झाली नाहीत. सगळी चाळ तोवर जमली होती. दूधवाले आबासुद्धा किटली घेऊन उभे, आणि तेलाबद्दल अवाक्षर काढत नव्हते.

"सोडा."

नानांनी पुढचं चाक हातभर उंच करून ठेवलं होतं. त्याला त्यांनी एक टिचकी मारावी तसा हात मारला. चाक फिरलं. फिरतच राहिलं. कुठे घासणं नाही, कण्हणं नाही, नुसतं सर्र. नाना ऐकत राहिले. मग हळूच म्हणाले, "धरा."

चाक जागच्या जागी थांबलं.

"सोडा." चाक पुन्हा मोकळं.

नाना तसेच पोत्यावर बसून हसायला लागले. आवाज न करता, खांदे हलवत. मिशीवरून पाणी ओघळलं ते घामाचं होतं असं मी चाळीत सांगितलं, पण ते घामाचं नव्हतं. आणि वहिनी? वहिनी काही दांडी सोडायला तयार नाहीत. चाक फिरवायचं, धरायचं, सोडायचं, परत फिरवायचं.

"अगं, पुरे आता."

"थांबा हो, मला बघू दे." अजून एकदा चाक थांबवून त्या म्हणाल्या, "उद्या खोपोलीला जाऊ. ह्यावरून."

नाना पाना हातात घेऊन बघतच राहिले. "आधी वलवणच्या उताराला बघून येतो. मग..."

"काही नको. माझ्या हाताला कळलंय."

दुसऱ्या दिवशी मी खोपोलीला काही काम काढलं. काय काढलं ते आता आठवत नाही, खोटंच होतं. सर्व्हिस मोटारीत ड्रायव्हरच्या शेजारची जागा धरली. पुढे फटफटीवर नाना आणि वहिनी. थंडी पडली होती, नानांनी कानाला मफलर गुंडाळलेला. वहिनी एका बाजूला पाय सोडून, पदर डोक्यावरून घट्ट कमरेला खोचून, नानांच्या खांद्यावर एक हात ठेवून बसल्या. स्टेशनाच्या फाटकाशी खटकेवाला उभा होता. त्याने काही बोलायला तोंड उघडलं, आणि मग काय वाटलं कोण जाणे, हातातली हिरवी झेंडी उघडून फटफटीला दाखवली.

खंडाळा गेला, आणि रस्ता खाली वाकला. तुम्ही तो जुना घाट पाहिला असेल तर त्याची वळणं मी सांगायला नको. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला नुसती हवा. मोटारीचा ड्रायव्हर पान चघळत म्हणाला, "आमची पाशिंजर पळविली ब्रेकवाल्यानं." पण त्याचीही नजर पुढच्या चाकावर होती. प्रत्येक वळणाआधी फटफटी अलगद हळू व्हायची, वळायची, आणि पुन्हा मोकळी सुटायची. मी माझ्या मांडीवर मूठ कधी आवळली होती ते मलाच ठाऊक नव्हतं.

सगळ्यात तीव्र वळण आलं, आणि त्याच वळणातून वर चढणाऱ्या बैलगाड्यांची रांग. पहिल्या गाडीचे बैल बिचकले, आणि गाडी रस्त्यात आडवी. वलवणची म्हैस माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली. वहिनींच्याही राहिली असणार. नानांची मूठ आवळली गेलेली मला मागून दिसली. फटफटीचं पुढचं चाक थांबलं, मागचं थांबलं, आणि गाडी सरळ, ताठ, कलली नाही की घसरली नाही, बैलांच्या शिंगांपासून चार हातांवर उभी राहिली. आमची मोटारच त्यांच्या मागे कर्कश किंचाळत थांबली. ड्रायव्हरने पान थुंकलं. "आयला," तो म्हणाला, आणि खिडकीबाहेरचं कोपर आत घेतलं.

वहिनी खाली उतरल्या नाहीत. नानांचा खांदाही त्यांनी घट्ट धरला नाही. गाडीवानाने बैल आवरून बाजूला घेतले, तेव्हा त्यांनी पदर नीट केला आणि खांद्यावर दोन बोटांनी टकटक केलं. चला. नाना निघाले. मी मोटारीत एकटाच टाळ्या वाजवल्या. शेजारचे उतारू माझ्याकडे बघायला लागले, तर मी त्यांनाही वाजवायला लावल्या.

आज नाना नाहीत. त्यांची पुढे दुसऱ्या घाटाकडे बदली झाली, आणि तिकडेच ते गेल्याचं मला उशिरा कळलं. त्यांच्या जागी आलेले लोक चांगले होते, कामात चोखही होते. पण गाडीच्या कडेने वाकून चाललेलं कोणी दिसलं की मी अजून फलाटावर थांबतो आणि बघतो. मिशा नसतात.

तर त्या दिवशी खोपोलीला पोचलो तेव्हा वहिनींचे वडील ओट्यावर येऊन उभे होते. फाटफाट आवाज ऐकून सगळी आळी गोळा झाली. म्हातारा थकलेला, हातात काठी, पण डोळे लबाड. फटफटीला एक प्रदक्षिणा घातली. टाकीवर हात फिरवला. मग मागच्या गादीवर काठी आपटून म्हणाला, "जावईबापू, मला बसवा. देवळापर्यंत नेऊन आणा."

नाना गडबडले. "अहो मामा, तुम्ही... रस्ता उताराचा आहे..."

म्हाताऱ्याने त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "ब्रेक लागतो ना नीट?"

आयुष्यभर ज्यांनी ह्या एकाच प्रश्नाचं उत्तर दिलं, त्यांनाच आज तो विचारला गेला. ते तोंड उघडणार तेवढ्यात वहिनी पुढे झाल्या, वडिलांच्या हातातली काठी काढून घेतली आणि म्हणाल्या, "बसा बाबा, खुशाल बसा. मी बघितलाय." नाना मान खाली घालून, मिशीतल्या मिशीत हसत, सासऱ्याला बसायला गाडी तिरकी धरून उभे राहिले.